गाडीला पडवी

मॅटाडोर शहाण्णव सालची.
आधी चिपळूणच्या एका ब्रास बँडची होती.
उन्हं तिरकी झाली की पांढऱ्या रंगाखालून
अजून वर येतात अक्षरं: न्यू नवरंग, लग्न, वरात,
आणि पाच आकडी एक फोन नंबर
जो आता कुठेच वाजत नाही.

मी आणि वन्सं. दोघींच्या फंडातून निम्मे निम्मे.
या वयात गाडीत राहणार? विचारलं सगळ्यांनी.
वन्सं म्हणाल्या, घर काय, आहे की हे.
पडवी तेवढी नाही.
आणि पडवी नसलेल्या घरात
पाहुण्याने चपला काढायच्या कुठे?

म्हणून साखरीनाट्यात, जेटीच्या अलीकडे,
गनीभाई होडेकरांच्या दारात उभी केली गाडी.
त्यांचे वडील शिडं शिवायचे.
हे ताडपत्र्या शिवतात,
ट्रॉलरच्या, आंब्याच्या ट्रकांच्या.

पुण्याहून आलेलं खोकं उघडलं:
तीन मीटरचा रूळ, त्यावर करडं कापड,
दोन दुमडते हात, फिरवायला दांडा,
आणि एक माहितीपत्रक, त्यातली गाडी
सरळ होती.
आमचीला छताजवळ पोक आहे.
बँडवाले टपावर ढोल बांधायचे, त्याचं.

गनीभाईंनी या टोकापासून त्या टोकाला दोरी धरली,
मधल्या फटीत तीन बोटं घातली, हसले.
"होडी पण अशीच.
कागदावर सरळ, पाण्यात आपल्या मनाची."
मग ऐनाच्या पट्ट्या तासत बसले,
एक बोटभर जाड, एक दोन बोटं,
मधली तीन.

ड्रिल नातवाकडे. मुजम्मिल, दहावीचा.
पहिल्या भोकातून गंजाची तपकीर सांडली
थेट आजोबांच्या दाढीत.
दुसरं भोक नवरंगमधल्या 'र'च्या पोटात.
तिसरं
इंचभर खाली गेलं.

आत वन्सं चहा गाळत होत्या.
त्यांच्या कानाशी आलं पोलादाचं टोक,
परत गेलं,
आणि त्याच्या जागी उन्हाची एक काडी
चहाच्या वाफेत उभी राहिली.

कोणी काही बोललं नाही.
पोराने ड्रिल वाळूवर ठेवलं
झोपलेलं बाळ ठेवावं तसं.

गनीभाई उठले. साबरीच्या काट्याएवढी
खुंटी तासली, कापूस गुंडाळला, राळ लावली
आणि ठोकली. तीन ठोक्यांत.
सगळ्याच बोल्टांना त्यांनी आधी कापूस नि राळ दिली.
सिलिकॉनची नळी आम्ही आणली होती.
तीही लावली, वरून,
आमच्या समाधानासाठी.

साडेचारला दांडा फिरवला.
कापड कुरकुरत बाहेर आलं
आणि वाळूवर हळूहळू एक चौकोन काळा झाला.
पहिल्यांदा आली मांजर,
बांगड्याच्या वासाची.
मग गनीभाई. हात पुसत आले,
सावलीच्या काठाशी थांबले,
तिथे चपला काढल्या,
आणि आत येऊन बसले.

वन्संनी माझ्याकडे बघितलं फक्त.

चहा घेताना म्हणाले,
"शीड वारा धरायला असतं.
हे नाय तसं. वारा आला की मिटायचं.
त्याच्याशी भांडत बसायचं नाय."
मजुरी आठशे, ऐनाचे दोनशे.
चुकलेल्या भोकाचे पन्नास
त्यांनीच वजा केले, आम्ही नको नको म्हणत असताना.

ती खुंटी आत थोडी जास्तच आली आहे.
वन्सं तिला चहाची गाळणी अडकवतात.
अणुस्कुऱ्याच्या वळणांवर गाळणी पत्र्यावर आपटते,
छन्, मग जरा थांबून, छन्,
आणि मी गाडी दुसऱ्या गिअरवर घेते,
वरातीच्या चालीने.